मुनग्याच्या पाल्याचा रस आणि तूर-हरभरा : किती उपयोग, कोणत्या वेळी आणि कशाच्या जोडीने?

काळी_कसदार (ता. दारव्हा, जि. यवतमाळ) | 4 मार्च, रात्री 9.10

नमस्कार मंडळी.

आमच्या वावरात कपाशीच्या सहा तासांनंतर तुरीचा एक तास (तास म्हणजे पिकाची ओळ) असा पेरा अनेक वर्षांपासून आहे, आणि विहिरीचे पाणी पोचते त्या तीन एकरांत रब्बीला हरभरा असतो. धुऱ्यावर (बांधावर) मुनग्याची सात झाडे आहेत. पश्चिम महाराष्ट्रातील वाचकांसाठी सांगतो, ज्याला आपण शेवगा म्हणता तोच आमचा मुनगा. गेल्या तीन हंगामांत या झाडांच्या पाल्याचा रस तुरीवर आणि हरभऱ्यावर फवारून मी जे पाहिले, ते येथे मांडत आहे. चांगले तेवढेच सांगून फसलेले झाकून ठेवले, तर या धाग्याचा कोणालाच उपयोग होणार नाही, म्हणून माझ्या चुकाही लिहितो.

सुरुवात एका बाटलीने झाली. चार वर्षांपूर्वी ऐन खरिपात युरिया आणायला गेलो असता सोबत एक बाटली घ्यावीच लागेल, असे मला सांगण्यात आले. बाटलीवर ‘वनस्पतीजन्य अर्क’ एवढेच ठळक होते. कोणत्या वनस्पतीचा, किती टक्के, कोणत्या पिकासाठी आणि कोणत्या अवस्थेत, यांपैकी काहीही नव्हते. पैसे गेल्याचे दुःख होतेच, पण आपण पिकावर काय फवारतो आहोत हेच आपल्याला ठाऊक नसावे, याचे दुःख अधिक होते. त्या हिवाळ्यात मिळेल ते वाचून काढले, आणि ज्या झाडाचा पाला आपण भाजीत घालतो त्याच्यापासूनच सुरुवात करावी असे ठरवले.

मुनग्याचाच पाला का, तर त्याच्या कोवळ्या पानांत झिएटिन नावाचा वाढ-संप्रेरक मुबलक असतो. झिएटिन हे सायटोकायनिन गटातील संप्रेरक असून ते पहिल्यांदा मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून 1963 मध्ये वेगळे करण्यात आले. पेशींचे विभाजन घडवणे आणि पान लवकर पिवळे पडू न देणे ही त्याची दोन मुख्य कामे आहेत. शिवाय या पाल्यात पोटॅश, कॅल्शियम आणि क जीवनसत्त्वही असते. निकाराग्वा देशात निकोलाउस फॉइडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पाल्याच्या अर्काची अनेक पिकांवर फवारणी केली आणि 2001 मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत उत्पादनात 20 ते 35 टक्के वाढ झाल्याचे नमूद केले. हा आकडा वाचून मी हरखून गेलो होतो, हे कबूल करतो. माझ्या वावरात तो आकडा मला एकदाही दिसलेला नाही.

पहिल्या वर्षी मी चूक केली ती प्रमाणाची. रस एक भाग आणि पाणी पाच भाग असे घट्ट मिश्रण करून भर दुपारी तुरीवर मारले. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, शेंडे आखडले आणि त्या दोन तासांची वाढ पंधरा दिवस थांबल्यासारखी झाली. पुढे कळले की ज्या रसाने पातळ असताना वाढ होते, त्याच रसाने घट्ट असताना वाढ खुंटते, आणि म्हणूनच बहुतेक प्रयोगांत तो तीसपट पातळ केलेला असतो. आपल्या पंधरा लिटरच्या पंपाचा हिशेब केला, तर पंपाला अर्धा लिटर रस होतो. एकरी दहा ते बारा पंप धरले, तर पाच-सहा लिटर रस लागतो आणि तेवढ्यासाठी माझ्याकडे साधारण दहा किलो कोवळा पाला लागला. छाटणीनंतर महिना-सव्वा महिन्याने फुटलेल्या फांद्यांचा पाला घ्यावा. जून पाला घेऊ नये. काड्या काढून, अगदी थोडे पाणी घालून तो वाटावा, जुन्या सुती लुगड्यातून दोनदा गाळावा आणि काढल्यापासून चार-पाच तासांत फवारून संपवावा. रात्रभर ठेवलेला रस सकाळी काळपट होऊन आंबूस वास सोडतो. तो मी एकदा वापरला आणि नोझल इतके तुंबले की अर्धा दिवस त्यातच गेला.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. दुसऱ्या वर्षी मी तुरीचे नऊ तास निवडले. तीन तासांवर थोडा साबण घातलेला रस दोन वेळा, तीन तासांवर केवळ पाणी आणि तेवढाच साबण, आणि तीन तासांवर काहीच नाही. प्रत्येक प्रकारातील दहा-दहा झाडांना रंगीत चिंध्या बांधल्या आणि शेवटी शेंगा मोजल्या. त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस पावसाने मोठा खंड दिला होता. रसाच्या तासांत खालची पाने अधिक दिवस हिरवी राहिली, फुलगळ कमी वाटली आणि शेंगाही पाण्याच्या तासांपेक्षा जास्त भरल्या. तिसऱ्या वर्षी मात्र ऑक्टोबरपर्यंत पाऊस होत राहिला. हीच फवारणी, याच पद्धतीने, याच दोन वेळा केली, आणि मळणीनंतर तिन्ही ढिगांच्या वजनात सांगण्यासारखा फरक निघाला नाही. पाण्याचे तास सोडले नसते, तर दोन्ही वर्षांचे श्रेय मी रसालाच दिले असते.

हरभऱ्यावरील अनुभव एकाच हंगामाचा असल्यामुळे त्याविषयी आज लिहीत नाही. आपल्यापैकी कोणी वनस्पतीजन्य अर्क डाळवर्गीय पिकांवर वापरला असेल, तर अनुभव सांगावा. शेजारचे तास कसे होते तेही आवर्जून लिहावे.

पूर्णाकाठ (ता. दर्यापूर, जि. अमरावती) | 4 मार्च, रात्री 10.25

काळी_कसदार भाऊ, फार नेमके लिहिले आहे. आम्ही खारपाणपट्ट्यातील लोक. आमच्याकडे बोअरचे पाणी इतके जड असते की त्यात साबणाला फेस येत नाही. उलट त्याचे चोथ्यासारखे कण होऊन ते जाळीत अडकतात. अशा पाण्यात पाल्याचा रस मिसळला तर चालतो का? आमचा हरभरा जमिनीतील ओलीवरच येतो, त्यामुळे फुलोऱ्यात ओल तुटली की आमच्या हाती फवारणीशिवाय दुसरे साधन नसते. म्हणून हा प्रश्न आमच्यासाठी मोलाचा आहे.

निवृत्त_सहायक (ता. मूर्तिजापूर, जि. अकोला) | 5 मार्च, सकाळी 7.40

आपल्या दोघांचेही लेखन वाचले. कृषी खात्यात सहायक म्हणून तीस वर्षे गावोगाव हिंडलो, त्या बळावर काही भर घालतो.

पूर्णाकाठ, आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. फवारणीसाठी पावसाचे साठवलेले पाणी किंवा गोड्या विहिरीचे पाणी आणणे हाच सरळ मार्ग आहे. एकरी दीडशे-पावणेदोनशे लिटरच लागत असल्याने ते अशक्य नाही. साबणाऐवजी रिठ्याचे पाणी वापरावे. रिठा जड पाण्यातही फुटत नाही.

आता मूळ विषय. डाळवर्गीय पीक आणि अन्य पीक यांत एक मोठा फरक आहे आणि तो मातीच्या खाली आहे. तुरीला, हरभऱ्याला, मुगा-उडदाला आपला नत्र स्वतः मिळवण्याची सोय निसर्गाने दिली आहे. मुळांवरील गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र बांधतात. तेव्हा ‘वाढ सुधारली का?’ असे विचारण्याआधी ‘गाठी आहेत का, आणि त्या जिवंत आहेत का?’ असे विचारले पाहिजे. हरभरा पस्तीस-चाळीस दिवसांचा झाला की एक झाड उपटू नका; वीतभर अंतरावरून कुदळीने ढेकळासकट काढा. ते ढेकूळ बादलीभर पाण्यात अर्धा तास भिजू द्या, माती आपोआप सुटते. ओढून काढल्यास गाठी तुटून मातीतच राहतात आणि ‘गाठीच नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. मग एक गाठ नखाने चिरून पाहा. आतून रक्तासारखी गुलाबी-लाल असेल, तर ती काम करते आहे. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनसारखाच एक पदार्थ तेथे असतो आणि तो जिवाणूंना बेताचाच प्राणवायू पोचू देतो. आतून पांढरट किंवा हिरवट निघाली, तर ती गाठ नावापुरती आहे. माझ्या नोकरीच्या काळात शेतकऱ्यांनी ‘पीक पिवळे पडले, काय फवारू?’ असे विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा उत्तर बादलीत सापडले.

याच ठिकाणी वनस्पतीच्या रसाचा आणि गाठींचा संबंध येतो. झाडाचे मूळ स्वतःच काही द्रव्ये मातीत पाझरवते, आणि त्या खुणेवर जिवाणू मुळाकडे येतो. लसूणघास या चाऱ्याच्या पिकाच्या बाबतीत ल्युटिओलिन हे असे द्रव्य असल्याचे 1986 मध्ये दाखवले गेले. सोयाबीनमध्ये हेच काम जेनिस्टीन आणि डेडझीन ही द्रव्ये करतात. म्हणजे अर्काचे शास्त्र झाडाला आपल्याही आधीपासून अवगत आहे. पुढे 2007 मध्ये असेही दिसून आले की मुळावर गाठ उठायला सुरुवात होते तीच मुळातील सायटोकायनिनच्या संकेतामुळे. परंतु यावरून कोणी पहिल्याच महिन्यात झाडावर सायटोकायनिनचा मारा करू नये, कारण पाल्याकडून मुळाकडे उतरणारे सायटोकायनिन हे गाठी मर्यादित ठेवण्याच्या यंत्रणेचाही भाग असल्याचे एका डाळवर्गीय वनस्पतीवरील अभ्यासात नंतर आढळले आहे. झाड आपल्या ऐपतीएवढ्याच गाठी पोसते. म्हणून माझे मत असे की पहिले चाळीस दिवस मुळांचे, आणि पाल्यावरील रस कळी धरल्यानंतरचा.

त्या पहिल्या चाळीस दिवसांसाठी उपाय जुनाच आहे. दहा किलो बियाण्याला रायझोबियमचे 250 ग्रॅमचे पाकीट थंड केलेल्या गुळाच्या पाण्यात कालवून चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. हरभऱ्याचे पाकीट तुरीला चालत नाही आणि सोयाबीनचे हरभऱ्याला चालत नाही. प्रत्येकाचा जिवाणू वेगळा असतो. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. तूर आणि हरभरा या दोहोंना हेक्टरी 25 किलो नत्र पुरेसा मानला जातो. त्याहून जास्त युरिया दिला की झाड गाठी पोसण्याचे सोडून देते.

सोयाबीन_उमरेड (ता. उमरेड, जि. नागपूर) | 5 मार्च, दुपारी 1.15

काका, माहिती उत्तम आहे, परंतु मला एक अडचण मोकळेपणाने मांडावीशी वाटते. दहा किलो पाला तोडणे, काड्या काढणे, वाटणे, दोनदा गाळणे आणि हे सर्व चार तासांत फवारून संपवणे, यासाठी दोन माणसांचा अख्खा दिवस जातो. आमच्याकडे फुलोऱ्याच्या काळात मजूर मिळत नाही. मी गेली दोन वर्षे सोयाबीनवर समुद्रशेवाळाचा अर्क वापरतो. तो बाटलीतून येतो, मोजून टाकता येतो आणि पंपात गुठळी होत नाही. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कप्पाफायकस नावाच्या शेवाळाची शेती होते आणि त्याच्या रसाची पद्धत भावनगरच्या केंद्रीय संशोधन संस्थेने विकसित केली आहे. कोरडवाहू सोयाबीनवर त्याचे प्रयोगही झालेले आहेत. मग घरचा पाला वाटत बसण्यात शहाणपण आहे का?

काळी_कसदार | 5 मार्च, रात्री 8.50

भाऊ, आपला मुद्दा रास्त आहे. तीन एकरांपेक्षा जास्त क्षेत्रावर घरचा रस मलाही झेपला नाही, आणि घरच्यांचे श्रम फुकट धरून ‘खर्च शून्य’ असे म्हणणे मला पटत नाही. शेवाळाच्या अर्कामागे अभ्यास आहे हेही खरे. परंतु आपण बाटली घेता तेव्हा तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचता का, एवढेच विचारतो. फेब्रुवारी 2021 मध्ये खत नियंत्रण आदेशात जैव उत्तेजकांचा (पिकाच्या वाढीला चालना देणाऱ्या अशा द्रव्यांचा) समावेश झाला, आणि त्यात वनस्पतींचे व समुद्रशेवाळाचे अर्क हा स्वतंत्र गट आहे. त्यामुळे आता बाटलीवर घटक, त्यांचे प्रमाण आणि कोणत्या पिकासाठी ती आहे हे असलेच पाहिजे. ज्या बाटलीवर हे नसेल, ती कितीही आग्रहाने दिली तरी परत करावी. ‘हर्बल’ म्हणून विकलेल्या द्रवात न सांगता रासायनिक कीटकनाशक मिसळण्याचे प्रकार होत आले आहेत. आपण टॉनिक समजून उघड्या अंगाने ते फवारतो, हा त्यातील सर्वांत गंभीर भाग आहे.

आणि एक विनंती. दोन वर्षांत आपण पाण्याचे तास सोडले होते का?

सोयाबीन_उमरेड | 5 मार्च, रात्री 9.30

नाही, सोडले नव्हते. पूर्ण चार एकरांवर सरसकट मारले होते.

बचतगट_हिंगणघाट (जि. वर्धा) | 6 मार्च, सकाळी 11.05

आमचा अकरा महिलांचा गट पाच वर्षांपासून निंबोळी अर्क आणि दशपर्णी अर्क तयार करतो, आणि गावातील तूर-हरभऱ्यावर तोच वापरला जातो. वाढीविषयी आणि किडीविषयी येथे एकत्रच बोलले जात असल्याने दोन्ही वेगळे करून सांगते.

निंबोळी अर्क हे टॉनिक नाही. त्याने झाड वाढत नाही. झाडाचे खाणारे कमी होतात. पाच किलो निंबोळी भरड रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून घ्यायची, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात घालायचा आणि एकूण पाणी शंभर लिटर करायचे, म्हणजे पाच टक्क्यांचा अर्क होतो. हरभऱ्यावर घाटेअळीची (घाटे म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीची) अंडी किंवा सुतासारखी बारीक अळी दिसते तेव्हाच याचा उपयोग होतो; अळी बोटाच्या पेराएवढी झाल्यावर कितीही फवारले तरी ती घाट्यात डोके खुपसून खातच राहते. फवारणी संध्याकाळी करावी, कारण त्यातील अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होते. निंबोळ्या मे-जूनमध्ये पडतात, त्या आम्ही चिखल होण्याआधी वेचतो, गर धुऊन काढतो आणि सावलीतच वाळवतो. बुरशी आलेली निंबोळी आमच्या गटातील आजी वासावरूनच बाजूला करतात. तिचा वास उग्र कडू न येता कुबट येतो. मागील वर्षाची निंबोळी स्वस्तात मिळते, पण तिच्यात जोर उरलेला नसतो.

दशपर्णीविषयी मला काळजीने एक गोष्ट सांगायची आहे. कडुनिंब, करंज, सीताफळ, निर्गुडी, घाणेरी, एरंड, रुई, कण्हेर असे पाले त्यात जातात. त्यांतील कण्हेर आणि रुई हे विषारी आहेत. ‘झाडपाल्याचे आहे, काही होत नाही’ असे म्हणून पुरुष मंडळी तोंडाला फडके न बांधता फवारतात आणि त्याच हाताने तंबाखू मळतात. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीतून झालेल्या विषबाधेने किती घरे उघडी पडली, हे आपण सर्वांनी जवळून पाहिले आहे. ती रासायनिक औषधांची होती हे खरे, परंतु त्यानंतर आमच्या गटाने एक नियम केला: अर्क कोणताही असो, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, नाका-तोंडावर मुखपट्टी, आणि फवारणीनंतर आंघोळ करूनच जेवण. कण्हेरीचा पाला आम्ही आता घालतच नाही.

वाढीविषयी आमचे निरीक्षण थोडक्यात सांगते. दशपर्णी मारलेल्या हरभऱ्यात फुले अधिक आली असे बायका म्हणतात, पण ते किडीचा त्रास कमी झाल्यामुळे की अर्कामुळे, हे आम्हाला वेगळे सांगता येत नाही. काळी_कसदार दादांनी सांगितलेले चिंध्यांचे तास आम्ही कधी केले नाहीत.

निवृत्त_सहायक | 6 मार्च, दुपारी 4.20

ताई, आपण टॉनिक आणि कीडरोधक यांत जो फरक केला तो फार आवश्यक होता.

हरभऱ्याविषयी एक जुनी गोष्ट आठवली. आमची आई हिवाळ्यात रात्री हरभऱ्यावर धुतलेले पांढरे फडके अंथरून ठेवत असे आणि पहाटे दवाने भिजलेले ते फडके पिळून बाटलीत ‘आंब’ भरून ठेवत असे. पोटदुखीवर ती थेंब-थेंब देत. ती आंब म्हणजे हरभऱ्याच्या पानांवरील बारीक लव जे आम्ल पाझरवते ते, मुख्यतः मॅलिक आम्ल. सांगण्याचे कारण असे की हरभऱ्याचे पान आधीच आम्लाने ओले असते. दव असताना केलेली फवारणी त्या पाण्यात मिसळून खाली निथळते आणि आपल्या रसाचा बराच भाग मातीत जातो. म्हणून हरभऱ्यावर कोणताही रस दव पूर्ण ओसरल्यावर, शक्यतो दुपारनंतर उन्हे कलताना द्यावा.

लसूणघासाचा उल्लेख वर केला होता, त्याचीही गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात स्टॅन्ली रीस यांना दिसले की लसूणघासाचा वाळलेला चुरा रोपांशेजारी मातीत घातला, तर टोमॅटोचे उत्पादन जेवढ्या नत्राने वाढावे त्याहून जास्त वाढते. शोध घेता त्या घासाच्या मेणात ट्रायकॉन्टॅनॉल हे तीस कर्बअणूंचे द्रव्य सापडले आणि 1977 मध्ये ते जगापुढे आले. आज बाजारात याच नावाची अनेक टॉनिके मिळतात. परंतु पुढील कित्येक प्रयोगांत त्याचा परिणाम कधी दिसला आणि कधी दिसला नाही. काळी_कसदार यांच्या दोन वर्षांत जे झाले, तेच मोठ्या प्रयोगशाळांतही झालेले आहे. त्यांनी स्वतःला दोष देऊ नये.

धानपट्टा (ता. लाखांदूर, जि. भंडारा) | 7 मार्च, सकाळी 6.55

आमच्याकडे काळी कसदार जमीन नाही आणि कपाशीही नाही. धान उभा असतानाच त्यात लाखोळीचे (हेही डाळवर्गीय पीक) बी फेकून पेरतो आणि धान कापल्यावर उरलेल्या ओलीवर ती येते; तूर असते ती बांधीच्या (धानाच्या वाफ्याच्या) धुऱ्यावर. लाखोळीला आजवर कोणी काही फवारल्याचे मी पाहिले नाही. येत्या हंगामात अर्ध्या बांधीत मुनग्याचा रस आणि अर्ध्या बांधीत पाणी असे करून पाहीन. आमच्या घरामागे मुनगा आहेच.

पूर्णाकाठ | 7 मार्च, रात्री 8.15

धुवारीविषयी (धुक्याविषयी) कोणी बोलले नाही, म्हणून विचारतो. डिसेंबरात दोन-तीन दिवस दाट धुवारी पडली की आमच्याकडे तुरीचा फुलोरा रात्रीतून झडून जातो. त्यावर पाल्याच्या रसाचा काही उपयोग होतो का? लोक त्या दिवसांत जे मिळेल ते फवारतात.

काळी_कसदार | 7 मार्च, रात्री 9.45

पूर्णाकाठ भाऊ, धुवारीत फुलगळ झाल्यावर रस फवारून झडलेले फूल परत येत नाही, हे मी माझ्या वावरात पाहिले आहे. तुरीची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: चांगल्या हंगामातही तिची बहुतेक फुले गळतातच, आणि पहिला बहर गेला तर झाडात दम असल्यास ती पुन्हा बहर धरते. म्हणून मला वाटते की रसाची वेळ धुवारीच्या आधीची आहे, कळी दिसू लागताच एक फवारणी आणि त्यानंतर पंधरा-अठरा दिवसांनी दुसरी. झाडाची खालची पाने हिरवी राहिली तर दुसऱ्या बहराला पोसणारे कोणीतरी असते. हे माझे निरीक्षण एका कोरड्या हंगामाचे आहे, त्याहून मोठा दावा मी करत नाही.

काकांच्या सूचनेनंतर आज सकाळी मी एक काम केले. हरभरा काढून झाला आहे, परंतु धुऱ्याकडेला उशिरा पेरलेली आठ-दहा झाडे अजून हिरवी होती. त्यांतील दोन ढेकळासकट काढून बादलीत भिजवली. एका झाडाला सतरा गाठी निघाल्या. चिरलेल्या पाचांपैकी तीन गुलाबी होत्या. दुसरे झाड पाणी साचणाऱ्या खोलगट जागेतले होते. त्याला चारच गाठी होत्या आणि त्या चारही आतून हिरवट निघाल्या. दोन्ही झाडांवर गेल्या महिन्यात सारखाच रस फवारला होता. त्या खोलगट जागेतला हरभरा दरवर्षी उभळतो (उभ्यानेच सुकतो) आणि मी दरवर्षी त्यावर काहीतरी फवारत आलो. तेथे चर काढून पाण्याला वाट द्यायला हवी होती, हे मला आज बादलीपाशी बसून कळले. पुढील रब्बीत त्या तुकड्यात रुंद वरंबा आणि सरी करूनच पेरणी करणार आहे.

सोयाबीन_उमरेड | 8 मार्च, सकाळी 9.00

मीही यंदा शेवाळाच्या अर्काचे आठ तास, साध्या पाण्याचे आठ आणि कोरडे आठ असे सोडतो. शेंगा किती दिवसांनी मोजायच्या? आणि प्रत्येक प्रकाराचे तास एकत्र ठेवायचे की मिसळून?

निवृत्त_सहायक | 8 मार्च, सकाळी 10.30

मिसळून ठेवावेत. वावराचा एक भाग नेहमीच अधिक कसदार असतो. एकाच प्रकाराचे सर्व तास त्या भागात आले, तर मातीचे श्रेय अर्काला जाईल. धुऱ्यालगतचे दोन तास दोन्ही बाजूंनी मोजणीतून वगळावेत, कारण तेथील झाडांना हवा आणि ऊन अधिक मिळते. फवारताना वाऱ्याने रस शेजारच्या तासावर उडतो, म्हणून दोन प्रकारांच्या मध्ये एक तास मोकळा सोडावा. सोयाबीनमध्ये शेंगा पिवळ्या पडू लागल्या की मोजाव्यात, तुरीत कापणीच्या आठ दिवस आधी. झाडे निवडताना चांगली दिसणारी निवडू नयेत; तासाच्या टोकापासून पावले मोजून प्रत्येक दहाव्या पावलावरचे झाड घ्यावे. वजन मात्र पूर्ण तासाचे करावे.

बचतगट_हिंगणघाट | 8 मार्च, दुपारी 2.40

आमच्या गटाच्या आजच्या बैठकीत ठरले. येत्या खरिपात पाच जणींच्या वावरात तुरीचे प्रत्येकी नऊ तास सोडणार आहोत: निंबोळी अर्क, मुनग्याचा रस आणि साधे पाणी, तीन-तीन तास. निंबोळीमुळे कीड कमी होते की रसामुळे झाड सावरते, हे तरी वेगळे दिसेल. चिंध्यांसाठी जुनी लुगडी आजींनी आजच फाडून ठेवली. निंबोळीला हिरवी, मुनग्याला पिवळी आणि पाण्याला पांढरी. पांढरी पहिल्याच पावसात मळेल, असे एकीने लक्षात आणून दिल्यावर पाण्याला लाल ठरली.

काळी_कसदार | 8 मार्च, रात्री 9.20

ताई, माझ्याकडेही हेच रंग ठेवतो, म्हणजे जानेवारीत तूर निघाल्यावर सर्वांचे आकडे एकाच धाग्यात शेजारी-शेजारी लिहिता येतील. मुनग्याची छाटणी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात करतो आहे. कळी धरेपर्यंत नवा पाला तयार असेल. आपल्या गटाला पाला कमी पडत असेल, तर सात झाडांपैकी तीन झाडांचा मी बाजूला ठेवू शकतो. फक्त तो तोडल्या दिवशीच वाटला गेला पाहिजे, तेव्हा सकाळच्या पहिल्या गाडीने पाठवण्याची व्यवस्था आधी ठरवून घेऊ.